लेथवरचा हातमोजा

माडीवरच्या निहारला पडलेलं, फुटलेलं, गंजलेलं काही दिसलं की त्याचा चेहरा लग्नघरात शिरल्यासारखा खुलायचा. सुलभाक्का त्याला म्हणायच्या, "अरे, उभ्या इमारतीचा फोटो काढलास कधी तर आधी मला दाखव. पेढे वाटीन."

"उभ्या इमारतीत काय बघायचं, आजी? त्या सगळ्यांनाच दिसतात."

निहार आणि त्याची बायको शमिका पुण्याहून बंगळूरला आले त्याला तीन वर्षं झाली होती. आधी एचएसआर लेआउटमध्ये राहिले, मग तिथला गोंगाट सोसेना म्हणून बसवनगुडीत सुलभाक्कांच्या माडीवर आले. दोघंही कॉम्प्युटरवाले. शनिवारी सकाळी निहार गळ्यात कॅमेरा अडकवून मोटरसायकलवर निघायचा, तो संध्याकाळी धुळीनं माखून परतायचा. खाणीनं अर्धा खाल्लेला डोंगर, आटलेल्या तलावाच्या तळाशी रुतलेली बस, पावसाच्या लोंढ्यात एकमेकींवर चढलेल्या मोटारी. सगळं आधी खाली आणून तो सुलभाक्कांना दाखवायचा. त्या चष्मा पुसून नीट बघायच्या. त्यांना ते आवडायचंही, फक्त तसं कबूल करायच्या नाहीत.

सुलभाक्का मूळच्या मिरजेच्या. एकाहत्तर साली लग्न होऊन बंगळूरला आल्या, आणि शेजारणींनी अक्का म्हणता म्हणता त्यांच्या सुलभाक्का कधी झाल्या ते कोणालाच कळलं नाही. यजमान मधुकरराव इथल्या एका सरकारी यंत्रकारखान्यात होते. दहा वर्षांनी ती नोकरी सोडून त्यांनी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड घातली. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक पॉवर प्रेस. कापडगिरण्यांच्या यंत्रांना लागणाऱ्या पिना आणि बुश तिथं तयार व्हायचे. एकोणनव्वद साली एका सकाळी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता मधुकरराव गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सुलभाक्का पीण्याच्या बसमध्ये बसल्या. दीर म्हणाले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "लोकांना म्हणावं, ऑर्डरी द्या."

पुढं एकतीस वर्षं त्यांनी ती शेड चालवली. कोविडच्या साली बंद केली आणि यंदा जागा विकून टाकली. घेणाऱ्याला तिथं गोदाम बांधायचं होतं. आजींचा पूर्वी काहीतरी कारखाना होता एवढं निहारला ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसांचं पूर्वी काही ना काही असतंच. कुठं होता, कसला होता, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात तो आमंत्रणाचं कार्ड घेऊन खाली आला. जवळच्याच एका जुन्या बंगल्यात नवी गॅलरी निघाली होती. ती चालवणाऱ्या श्वेता नावाच्या नागपूरच्या मुलीनं त्याचे फोटो पाहिले आणि आठ दिवसांचं प्रदर्शनच ठेवलं.

"यायचंच हं आजी. एक सरप्राइज आहे. त्यातला एक फोटो मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दहात आलाय."

"कुठली भिंत पडली या वेळी?"

"आल्यावर बघा ना!"

उद्घाटनाच्या संध्याकाळी सुलभाक्का ठेवणीतली म्हैसूर सिल्क नेसून शमिकाबरोबर गेल्या. पांढऱ्या भिंती, मंद दिवे, आणि काळे कपडे घातलेली तरुण मंडळी दबक्या आवाजात बोलत होती. फोटो खरोखरच जबरदस्त होते. त्या खाणीच्या डोंगरापुढे त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मोबाइलच्या काचेवर बघितलं तेव्हा नुसता दगड दिसला होता. इथं तो डोंगर पुरुषभर उंच होता, आणि त्याच्या कापलेल्या अंगावर लाल, करडे, निळसर थर शालूच्या पदरासारखे उलगडले होते. 'पोराच्या डोळ्यात काहीतरी आहे हो,' असं त्या मनाशी म्हणाल्या.

शेवटच्या खोलीत एकच फोटो होता, भिंतभर. तिथं सगळ्यांत जास्त गर्दी होती.

सुलभाक्कांना आधी दिसला तो गर्डर. छताचे पत्रे उचकटलेले होते, त्यातून उन्हाचा एक तिरका पट्टा धुळीतून खाली उतरला होता, आणि त्या उजेडात तो आडवा गर्डर, मधोमध थोडा वाकलेला. तो कसा वाकला ते त्यांना माहीत होतं. त्र्याऐंशी साली दुसरा लेथ उतरवताना साखळी घसरली होती, आणि मधुकरराव दोन दिवस जेवले नव्हते. मग त्यांना भिंतीवरचा पिवळा पट्टा दिसला. पट्ट्यावरची अर्धी पुसलेली कन्नड अक्षरं दिसली. खाली विटांच्या ढिगात कोपऱ्यातला जुना लेथ, ज्याला शेवटपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही.

"अगं बाई, आपली शेड!" त्या एकदम म्हणाल्या. शमिका पुढं गेली होती, तिला ऐकू आलं नाही.

क्षणभर त्यांना इतका आनंद झाला की हात पुढं करून काचेला स्पर्शच केला. त्या शेडचा एकही धड फोटो त्यांच्याकडे नव्हता. कामाच्या जागेचे फोटो काढायचे असतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग त्यांची नजर खाली गेली. लेथच्या पुढ्यात फरशीवर एक मोठा लाल डाग होता, शिंतोडे चहूकडे उडालेले. लेथच्या चकवर, जिथं फिरता लोखंडी तुकडा पकडतात त्या तोंडावर, एक कातडी हातमोजा लटकत होता, बोटं खाली लोंबलेली. आणि फोटोखालच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं: 'शेवटची पाळी. पीण्या. इथं किती हात गेले, ते कोणी मोजलं नाही.'

शेजारी उभी असलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, "बघ ना, रक्तसुद्धा पुसलं नाहीये कोणी. कसले मालक असतील!"

सुलभाक्कांचा हात काचेवरून खाली आला.

निहार हातात संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन अभिनंदनं स्वीकारत होता. त्याला त्यांनी बाजूला घेतलं.

"निहार, ते लाल काय आहे?"

"रक्त असणार आजी. वाळलेलं. पाहिलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला."

"असणार म्हणजे? कोणाला विचारलंस?"

"विचारणार कोणाला? पाडणारी माणसं आदल्या दिवशी आलेली."

"विचारायचं होतंस घरी येऊन. मला. ते कुंकू आहे."

निहार हसला. त्याला वाटलं आजी गंमत करताहेत.

"मिरजेला आम्ही खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घालायचो, झालं," सुलभाक्का म्हणाल्या. "इथं आयुधपूजेला कोहळा फोडतात. त्याला भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरायचं, वर कापूर लावायचा, यंत्रावरून ओवाळायचा आणि दाराशी आपटायचा. सगळ्या बंगळूरच्या रस्त्यांवर त्या दिवशी लाल होतं. तीन वर्षं राहतोस ना इथं?"

"आयुधपूजेला आम्ही पुण्याला असतो."

"यंदा जागा पाडायला घेणार होते, म्हणून मी आणि आमचा वादिराज शेवटची पूजा करायला गेलो. दाराशी जेसीबी उभा होता, म्हणून कोहळा आत लेथपुढंच फोडला. मी फोडला, या हातांनी. ती माझी शेड आहे, निहार."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग तो घाईघाईनं म्हणाला, "बाप रे, आजी. मला खरंच माहीत नव्हतं. पण हे बघा, हा फोटो तुमच्याच शेडबद्दल नाहीये ना. सगळ्याच फॅक्टऱ्यांबद्दल आहे. एक मूड आहे तो."

"सगळ्यांबद्दल आहे तर खाली पीण्या कशाला लिहिलंस?"

निहारनं वळून पाटीकडे पाहिलं.

"आणि तो हातमोजा कोणाचा?"

निहारनं रसाचा घोट घेतला. "तिथंच होता," तो म्हणाला, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून वळला.

सुलभाक्का तिथंच उभ्या राहिल्या. तिथंच होता म्हणे! लेथ म्हणजे गरगर फिरणारं यंत्र. त्यावर काम करताना हातमोजा घालायचा नसतो. त्याचं टोक अडकलं की मोज्याबरोबर हात आत ओढला जातो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगायची. त्यांच्या शेडमध्ये लेथच्या आसपास मोजा दिसला तर वादिराज तो उचलून रस्त्यावर फेकून देत असे. चक्क चकवर मोजा लटकलेला, आणि तोही त्या शेडमध्ये!

दुसऱ्या दिवशी सकाळी शमिका खाली आली. डोळे सुजलेले.

"आजी, तो रात्रभर फिरतोय घरात. तुम्ही काही करणार नाही ना?"

"काय करणार मी?"

"शनिवारी त्याचं बोलणं आहे तिथं, लोकांसमोर. स्पर्धेचा निकाल त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे." ती पायरीवर बसली. "तुम्हाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात त्याची नोकरी गेली. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचा ना, तो हेच पडकं-तुटकं बघत हिंडायचा. या एका फोटोनं तो माणसांत आलाय, आजी. शेड तर आता नाहीच. कोणाला काय फरक पडतो?"

सुलभाक्कांनी तिच्यासमोर कॉफी ठेवली. त्यांच्या डोळ्यांसमोर निहार आला. सप्टेंबरापासून रोज सकाळी जिन्यावरून हसत 'येतो आजी' म्हणून जाणारं पोर.

"शमिका, चौतीस माणसं होती माझ्याकडे, एकोणचाळीस वर्षांत. दोघांना लागलं. शहाण्णव साली प्रेसवर पुरुषोत्तमच्या उजव्या करंगळीचं पेर गेलं. मी त्याला रिक्षात मांडीवर घेऊन नेलं. त्यानंतर प्रेसला दोन बटणं बसवून घेतली, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खालीच यायची नाही. दुसरी आमची प्रतिमा. दोन हजार सात. कपाळावर लोखंडाची किरच उडाली, चार टाके. बस. तिसरं कोणी नाही. मोजलं नाही म्हणतो! मी झोपेत मोजत होते."

"पण आजी..."

"तुझ्या नवऱ्याला कामाला लावायचं असेल तर मी उद्या दहा ठिकाणी फोन करीन. पण माझ्या चौतीस माणसांची बदनामी त्याच्या बक्षिसाला आहेर म्हणून देणार नाही. कॉफी पी, गार होतेय."

शमिका गेल्यावर त्यांनी वादिराजला फोन लावला. वादिराज त्यांचा फोरमन. मधुकररावांच्या वेळेपासूनचा. आता बहात्तर वर्षांचा होता आणि मल्लेश्वरमला लेकीकडे राहून नातवंडांना शाळेत पोचवत होता. दोघांचं बोलणं नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये झालं.

"वादिराज, शनिवारी मोकळा आहेस का?"

"मी काय, सगळेच वार मोकळा आहे अक्का. काय, पुन्हा शेड काढताय?"

"भांडायला जायचंय."

"सरी, येतो," वादिराज म्हणाला. "इस्त्रीचा शर्ट घालतो."

शनिवारी चार वाजता गॅलरीच्या पहिल्या खोलीत पन्नासेक खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर फोटो दाखवायला पडदा लावला होता. सुलभाक्का आणि वादिराज सगळ्यांत पुढं जाऊन बसले. निहारनं त्यांना पाहिलं आणि त्याचा आवाज पहिल्या वाक्यालाच अडखळला. तरी तो बोलला, आणि बरं बोलला. पडझडीत वेळ कसा दिसतो, माणसं निघून गेल्यावर जागा कशा बोलायला लागतात. लाल डागाबद्दल मात्र तो एक अक्षर बोलला नाही. शेवटी श्वेतानं विचारलं, "कोणाला काही प्रश्न?"

सुलभाक्का उठल्या. "मला आहे. त्या मोठ्या फोटोबद्दल. भिंतीवर पिवळ्या पट्ट्यावर काय लिहिलंय?"

निहारनं मान वळवून पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं. "कन्नड आहे, आजी. मला वाचता येत नाही. टेक्स्चर म्हणून छान वाटलं ते."

"इथं कोणाला येतं?"

मागून एक मुलगा म्हणाला, "अर्धंच दिसतंय. 'फिरणाऱ्या यंत्रावर...' पुढचं पुसलंय."

"वादिराज, पुढचं सांग."

वादिराज उठला. शर्टाची कडक कॉलर त्याला काचत होती. त्यानं एकदा खाकरून वर्गात धडा म्हणतात तसं खणखणीत म्हटलं, "फिरणाऱ्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत." मग इंग्रजीत, मग हिंदीत तेच. "आमच्या मालकांनी स्वतः ब्रशनं लिहिलं होतं. मी खाली शिडी धरली होती."

खोलीत सगळे त्या लटकत्या मोज्याकडे बघायला लागले.

"मी त्या शेडची मालकीण," सुलभाक्का म्हणाल्या. आवाज चढवला नाही, यंत्रांच्या घरघरीवरून बोलून बोलून तो मुळातच दांडगा होता. "कसले मालक असतील म्हणून परवा इथं कोणीतरी विचारत होतं. हे असले. ते लाल आहे ते आयुधपूजेच्या कोहळ्यातलं कुंकू. मी फोडला. बंगळूरच्या माणसानं ते ओळखायला हवं होतं, पण असो, कोहळ्याच्या फोडी गाईनं खाल्ल्या होत्या, मागं नुसतं लाल उरलं होतं. ती चूक मी समजू शकते. पण लेथवरचा मोजा ही चूक होऊच शकत नाही. ज्यानं भिंतीवरची ती सूचना वाचलीय तो तिथं मोजा ठेवणार नाही. निहार, तू मला नातवासारखा आहेस, म्हणून चार लोकांत विचारते. मोजा कोणाचा?"

श्वेता मध्येच आली. "आंटी, तुमच्या भावना समजून राहिले मी. पण हे आर्ट आहे न. आपण नंतर ऑफिसात बसून बोलू."

"ऑफिसात कशाला? पाटी भिंतीवर लावलीत, ऑफिसात नाही."

मागं कोणीतरी हसलं. निहार टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा होता. शमिका दाराशी होती, तिनं डोळे मिटून घेतले.

"पाडणाऱ्या एका माणसाचा होता," निहार म्हणाला. "जेवायला बसताना त्यानं काढून ठेवला होता. मी उचलून तिथं अडकवला. फोटो काढून परत दिला." तो थांबला. "त्याच्याशिवाय मी चाळीस फोटो काढले होते. ते चांगले होते. पण त्यांच्याकडे बघून कोणाला रडू आलं नसतं."

दोन-तीन माणसं उठून निघून गेली. एकानं जाताना मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला.

निहार सरळ त्या शेवटच्या खोलीत गेला. बाकीचे मागोमाग. त्यानं भिंतीवरच्या फ्रेमची एक बाजू दोन्ही हातांनी धरली. "काढतो मी हा. श्वेता, जरा हात लाव. स्पर्धेतूनही मागं घेतो, आत्ता मेल करतो."

"थांब!" सुलभाक्का ओरडल्या. असं ओरडणं त्या शेडनंतर कोणी ऐकलं नव्हतं. वादिराजसुद्धा सवयीनं जागच्या जागी थबकला.

"आता काय, आजी? तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मला हे हवंय असं मी कधी म्हटलं? हात काढ फ्रेमवरून. मेल कर, खरं काय ते सगळं लिही. ते तुझं तू निस्तर. फोटो इथून हलायचा नाही. अरे, पाडलं त्यांनी, राडारोडा ट्रकमध्ये भरून नेला. वाकलेला गर्डर, यांच्या हातची अक्षरं, माझा शेवटचा कोहळा, सगळं आता एवढ्या एका कागदावर आहे. तेही तू भिंतीवरून उतरवून कपाटामागं टाकणार? तुला लाज वाटली म्हणून माझी शेड दुसऱ्यांदा पाडायची?"

निहारनं हात काढले. "पण मोजा आहे त्यात."

"असू दे. तुझी लबाडीही दिसू दे लोकांना. ती पाटी तेवढी काढ."

पाटी दुहेरी चिकटपट्टीनं लावलेली होती. निहारनं नखानं ती खरवडून काढली. खाली पांढरीशुभ्र भिंत उरली, हातभर उंच, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी नवी पाटी लिहितो," तो म्हणाला. "इथं चौतीस कामगार..."

"कामगार नको. नावं."

"सगळी? मावणार नाहीत, आजी. पाटी एवढीशी असते."

"पाटीचं कोण बोलतंय? भिंत केवढी आहे!"

वादिराजच्या शर्टाच्या खिशात अजूनही लाल-निळ्या टोकांची जाड पेन्सिल असायची. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. सुलभाक्कांनी ती मागून घेतली, पदर खोचला आणि श्वेता 'आंटी, आंटी, नवाच रंग दिलाय न भिंतीला!' म्हणेपर्यंत पहिलं नाव लिहूनही टाकलं. वादिराज. कन्नडमध्ये, खाली मराठीत. मग लेथवाले: रंगस्वामी, सेल्वराज, दस्तगीर. मग स्टोअर सांभाळणारे भीमाचार्य, जे सोवळ्याचं निमित्त करून कँटीनचा चहा नाकारायचे आणि मागच्या दारानं दोन कप प्यायचे.

"ते नका लिहू," वादिराज म्हणाला.

"लिहिते कुठं, सांगतेय."

पुरुषोत्तमच्या नावापुढं त्यांनी कंस करून लिहिलं: करंगळीचं पेर, शहाण्णव. प्रतिमाच्या नावापुढं: चार टाके, दोन हजार सात. बाकीच्यांच्या नावापुढं काही लिहायचं नव्हतं, ती जागा त्यांनी तशीच मोकळी सोडली. लोक आता खुर्च्या इकडे ओढून बसले होते. मघाचा तो मागचा मुलगा कन्नड अक्षरांत एखादी वेलांटी चुकली की सांगत होता. अक्का त्याला "स्वल्प थांब, स्वल्प थांब" म्हणत दुरुस्त करत होत्या. निहार जमिनीवर बसून मोबाइलवर काहीतरी लिहीत होता आणि खोडत होता. शमिका त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. एकदा त्यानं मान वर करून विचारलं, "आजी, कोहळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मला काय ठाऊक! मी फोडते, भाषांतर करत नाही."

साडेसहापर्यंत तेहेतीस नावं झाली. सुलभाक्कांचा हात खांद्यापासून दुखायला लागला होता. त्यांनी मागं सरकून मोजलं. पुन्हा मोजलं.

"एक राहिली. पॅकिंगला होती ती. कोलारकडची. हिरवी काचेची बांगडी एकच घालायची, डाव्या हातात."

"ती होय," वादिराज म्हणाला. "बाळंतपणाला गेली ती परत आली नाही. चार महिनेच होती, अक्का. तिला धरायचं का?"

"धरायचं."

"नाव नाही आठवत."

"मलाही नाही. चेहरा आहे समोर, नाव येत नाही. प्रतिमाला लाव फोन. दोघी एकत्र डबा खायच्या."

वादिराजनं चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधला. प्रतिमाचा फोन लागला तेव्हा मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. तिला आधी काही समजेना. मग ती म्हणाली, डबा आठवतोय, त्यातली कैरीची चटणी आठवतेय, पण नाव... थांबा, त्या गावची एक ओळखीची आहे, तिला विचारते आणि उलट फोन करते.

सात वाजले. रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी आला. श्वेतानं घड्याळ पाहिलं, भिंत पाहिली, आणि हताशपणे म्हणाली, "आंटी, उद्या येऊन लिहा न तुम्ही. एकच तर नाव राहिलंय. मला बंद करावं लागते."

सुलभाक्कांनी पुढची खुर्ची ओढली, भिंतीला लावली आणि पेन्सिल हातात तशीच धरून तिच्यावर बसल्या.

"बंद कर ना. कुलूप लावायचं तर लाव," त्या म्हणाल्या. "मी आत बसलेय."